दुसरा ठिपका

— नाही, नाही, ताई, पंप करू नका. काय म्हटलं मी? एकदाच दाबा. एकदाच! तीन-चारदा दाबलं की वर येतंच ते, तेच तर रडगाणं आहे — पहिल्यांदा पाय ठेवला की थेट तळाला, मग दाबत बसलं की हळूहळू वर येतं आणि माणसाला वाटतं, चला, आहे ब्रेक. कसला डोंबलाचा ब्रेक! आणि तुम्ही असंच दाबत दाबत इथपर्यंत आलात? भर रस्त्यातून? शाबास. मागे लेकराची खुर्ची बांधलीय, त्यात बिस्किटाचा लगदा, दुधाचा आंबूस वास — नाही, ते असू द्या, पोर म्हटलं की ते आलंच — पण ब्रेक नसलेल्या गाडीत पोर घालून फिरता आणि मला विचारता, सीटखाली काहीतरी खडखडतंय तेही बघाल का. बघतो. सगळं बघतो. माझ्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका, माझं तोंडच असं आहे. बायको म्हणते, बाहेर पाटी लाव, ‘मालकाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करावे’. म्हणून तर इथे माणूस टिकत नाही. शेवटचा होता तो पाना ठेवून जेवायला गेला तो अजून जेवतोय.

आता दाबून धरा. घट्ट. पाय हलवायचा नाही, मनात वीस मोजा, तोवर मी बॉनेट उघडतो. हं. ऑइलची डबी भरलेली आहे. रंग कसा, अगदी मधासारखा, म्हणजे नवीन आहे, आत्ता कोणीतरी बदललंय. बहुतेकांच्या डबीत बघावं तर काळंकुट्ट, गटारासारखं, बोट घालायची किळस येते — लोक स्वतःच्या केसाला तेल लावताना दहा बाटल्या हुंगून बघतात, आणि ज्याच्यावर जीव टांगलाय त्या तेलाकडे दहा वर्षांत ढुंकून बघत नाहीत. झाले वीस? पेडल पायाखालून हळूहळू सरकत गेलं का? नाही ना? मग मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलमागून ऑइल ढकलणारा तो, बरा आहे. तो आतून गळत असता तर पेडल बसत गेलं असतं. चारी चाकांच्या आतून मगाशी हात फिरवला, कुठे ओल नाही. गळती नाही, मास्टर बरा, तरी पेडल लोणी — मग राहिलं काय? हवा. नळीत हवा अडकलीय. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुम्ही पायाने जो जोर लावता तो चाकापर्यंत पोचायच्या आधी ती हवाच खाऊन टाकते. एवढंच. हवा काढायची, अर्ध्या तासाचं काम, आमच्या धंद्यात बालवाडीतलं — काय म्हणालात? काढली? कधी काढली? तीनदा?

दोन महिन्यांत तीनदा. आणि तीनदा त्याने सांगितलं, झालं, न्या गाडी. आणि तुम्ही तीनदा नेलीत. आधी काय केलं होतं त्याने — पुढचे दोन्ही कॅलिपर सोडून सील बदलले? कॅलिपर म्हणजे ते चाकाच्या ताटलीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतं ते, हो, तेच. आणि पेडल मऊ झालं ते त्यानंतरच ना? त्याआधी ठीक होतं. बघा, मला शिसारी येते ती याची. चूक होते, माणूस आहे, होणारच. पण एकदा हवा काढली, पेडल मऊ. दुसऱ्यांदा काढली, मऊ. तिसऱ्यांदा तेच करताना हाताला लाज वाटत नाही? डोकं नाही खाजवत माणूस, की अरे, मी काढतोय तरी काय? असल्या लोकांचे पाने काढून घेतले पाहिजेत आणि हातात खराटा दिला पाहिजे. या बाहेर, त्या स्टुलावर बसा — थांबा, पुसतो, वंगण आहे — चाक काढून बघू या काय दिवे लावलेत.

बघा. दिसलं? नाही दिसणार तुम्हाला, मी दाखवतो. हा कॅलिपर. आणि हा छोटा स्क्रू, याला आम्ही ब्लीडर म्हणतो, हा सोडला की यातून हवा बाहेर पडते. कुठे आहे तो? खाली. अगदी बुडाला. आता मला सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात, हवा कुठे जाते? वर. भरलेल्या पिंपाला तळाशी तोटी लावली आणि ती उघडली तर वरची हवा त्यातून येईल? ऑइलच येणार. तीनदा काय, तीनशे वेळा काढा, मधासारखं स्वच्छ ऑइल येत राहणार आणि हवा वर मजेत बसून राहणार. ब्लीडर नेहमी वर असतो. ज्याने ही गाडी बनवली त्याने वरच ठेवलाय. मग खाली कसा आला? या भल्या माणसाने डावीकडचा कॅलिपर उजवीकडे लावलाय आणि उजवीकडचा डावीकडे. अदलाबदल! बसतात हो, दिसायला सारखेच असतात, बोल्टही लागतात, फक्त ही नळी बघा कशी पिळवटलीय, बिचारी ओरडून सांगतेय. शी! दोन्ही बाजू एकदम सोडून ठेवल्या, ताटात घेऊन धुतल्या, आणि उचलला तो लावला. आमचे वडील असते तर — आमच्याकडे नियम होता, एक बाजू सोडली तर दुसरी बाजू जोडलेलीच ठेवायची, म्हणजे शंका आली की तिच्याकडे बघता येतं. इतका साधा नियम. इतका —

काही नाही. काही नाही, बॅटरी द्या जरा ती. बोल्टवर उजेड पाडायचाय.

कुणाकडे केलं होतं तुम्ही हे काम? नका सांगू. पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याची शेड, दाराशी जुन्या टायरमध्ये तुळशी-बिळशी काय लावलंय, उंच माणूस, कमी बोलतो, सगळ्याला नुसतं ‘बरं’ म्हणतो. तोच ना? कसं ओळखलं म्हणजे काय, हे बघा. बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका. नखाला लावायचं पॉलिश आहे ते. बोल्ट शेवटचा आवळून झाला की ठिपका लावायचा, म्हणजे विसरायला होत नाही, आणि बोल्ट हलला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं. हे जगात कोणी करत असेल-नसेल, या गावात दोनच माणसं करतात. कारण दोघांना एकाच बापाने शिकवलं. हो. भाऊ आहे तो माझा. सख्खा, थोरला, दादा. म्हणायचो दादा. मगाशी खराटा द्या म्हणालो ना हातात, ते त्यालाच. परत घेत नाही शब्द. काम बघा ना हे, काय परत घेऊ?

तुम्हाला गंमत सांगतो. ठिपके दोन असायचे. वडिलांचा नियम. ज्याने आवळलं त्याचा एक आणि दुसऱ्याने येऊन पाना लावून तपासलं की त्याचा दुसरा, शेजारी. एका ठिपक्याची गाडी दाराबाहेर जायची नाही, गिऱ्हाईक राजा असो की भिकारी. आईकडे दोनच बाटल्या होत्या, लाल आणि गुलाबी. दादा थोरला, त्याने लाल घेतली. मला काय राहिलं? गुलाबी. माझ्यासारखा मिशाळ माणूस आणि गुलाबी ठिपके लावत फिरायचा, बाजारातले सगळे हसायचे. पण आमच्या दोघांच्या हातची गाडी दहा वर्षं परत यायची नाही. दादाने कधी कॅलिपर उलटा लावलाच नसेल असं नाही हं — लावला असेल, मीही लावलाय — डोकं कुठेतरी असतं, हात आपले चालत राहतात. त्यासाठीच तर दुसरा असतो ना! दुसरा येतो, वाकतो, म्हणतो, अरे गाढवा, हे उलटं आहे. संपलं. दोघं हसतात, चहा पितात. आता बघा इथे, एकच ठिपका. लाल. शेजारी कोरं. कोण वाकून बघणार? साठी ओलांडली त्याने, एकटा असतो शेडमध्ये, डोळ्याला चष्मा आहे तो कपाळावर, आणि शेजारी कोरं.

असो. मी हे खोलतो आणि अदलाबदल करतो, तुम्ही बसा. पाणी घ्या, तो माठ नाही, तो थंड पाण्याचा डबा आहे तिकडे, ग्लास स्वच्छ आहे — म्हणजे माझ्या हिशेबाने स्वच्छ. हा बोल्ट नळीचा, याच्याखाली तांब्याच्या चकत्या असतात, त्या नवीनच टाकायच्या, जुन्या परत लावणाऱ्यांचाही मला वीट येतो. त्याने मात्र नवीन टाकल्यात, ते आहे. सीलही नीट बसवलेत. पिनांना ग्रीस लावलंय, हवं तेवढंच, लिबलिबाट नाही. काम चांगलं आहे हो त्याचं. तेच तर — सगळं काम सुरेख करायचं आणि शेवटी उजव्याचं डावं करून ठेवायचं, याला काय म्हणावं? कुणी सोम्यागोम्या असता तर दोन शिव्या घालून विसरलो असतो. हा बसला. आता तो. जॅकला पाय लावू नका, मागे सरका. हं. ब्लीडर आता कुठे आला? वर. झालं की नाही सरळ.

आता या, पेडलवर बसा. हो, तुम्हीच. हवा काढायला दोघं लागतात. एक आत पाय घेऊन आणि एक खाली पाना घेऊन. माझ्याकडे कोण आहे? बसा. सीटखाली काय खडखडतंय म्हणालात ते बघतो आधी, पेडलखाली घरंगळलं तर भलतंच — सरका — खेळणं असेल तुमच्या पोराचं, नाहीतर बाटली, लोक काय काय टाकतात सीटखाली, मागे एकाच्या गाडीत सडलेला —

ही कुठून आली?

काठी आहे. झाडूचा दांडा आहे. निळा रंग आहे ना, खरवडलेला? एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. विसरला. तिसऱ्यांदा हवा काढताना आत विसरला, विसरभोळा झालाय. ही खाच पेडलला बसते. ट्यूब वर स्टीअरिंगला ताणून बांधायची, की काठी पेडल दाबून धरते, ब्लीडर सोडला की पेडल खाली जातं आणि ताणामुळे काठी मागोमाग जाते. मग खाली उतरायचं, ब्लीडर आवळायचा, परत आत यायचं, काठी सोडवायची, परत बांधायची, परत खाली. एका चाकाला वीस-वीस वेळा. चढ-उतर, चढ-उतर. साठी ओलांडलेला माणूस. तुमच्या गाडीला तीनदा केलं म्हणता — म्हणजे किती वेळा उतरला असेल हो तो गुडघ्यावर? मूर्ख. मूर्खपणा आहे नुसता! कोणालाही हाक मारली असती, रस्त्यावरच्या माणसाला, तुम्हालाच बसवलं असतं, मी नाही का बसवत? नाही. तो नाही बसवणार. त्याला काठी हवी. फेका ती — नाही, द्या. द्या इकडे. बाकावर ठेवतो.

लक्ष द्या आता. मी खालून म्हणेन ‘दाब’, तुम्ही दाबायचं आणि म्हणायचं ‘धरलंय’. तुम्ही धरलंय म्हटल्यावर मी ब्लीडर सोडणार, पेडल खाली जाईल, जाऊ द्यायचं, पण पाय उचलायचा नाही. मी ‘सोड’ म्हणेपर्यंत नाही. छत कोसळलं तरी नाही. कारण ब्लीडर उघडा असताना पाय उचलला की पेडल पिचकारीसारखं उलटं ओढतं आणि बाहेरची हवा आत जाते. मला खालून तुमचा पाय दिसत नाही. मला फक्त तुमचा शब्द ऐकू येतो. कळलं? तुमचा शब्द आणि ही पारदर्शक नळी, यात बुडबुडे दिसतात. हं. दाब. — येतेय, येतेय, बघा कशी गुडगुडतेय, दोन महिने ठाण मांडून बसली होती — सोड. दाब. अजून. सोड. छान. चांगलं करताय. दाब. सोड. हे चाक झालं, आता पलीकडचं. दाब — धरलंय? नक्की? हं —

उचललात! पाय उचललात तुम्ही! मला सांगू नका धरलंय, बुडबुडा उलटा गेला नळीत, या डोळ्यांनी बघितला! काय होतं हातात — फोन? फोन बघत होतात? मी खाली मातीत पाठीवर पडलोय, तोंडावर तेल गळतंय, आणि तुम्ही वर बसून फोन बघत ‘धरलंय’ म्हणता? लाज नाही वाटत? तुमचं पोर बसणार आहे या गाडीत! माहितीये काय होतं याने? माणूस आयुष्यातून उठतो! एक खोटा शब्द, धरलंय, आणि —

काय म्हणालात?

‘सुटला पाय, चुकलंच माझं.’ असं म्हणालात. लगेच. मी विचारून संपायच्या आत म्हणालात. एवढंच असतं? चार शब्द? मी ब्लीडर आवळलाय, घाबरू नका, फार काही गेलं नाही आत, चारदा जास्त काढू, संपलं. रडू नका हो. मी तुमच्यावर नाही ओरडलो. बसा. बसा जरा, मलाही बसू द्या.

ही पारदर्शक नळी पूर्वी नव्हती आमच्याकडे. मी नंतर आणली. पूर्वी नुसत्या बोलण्यावर चालायचं. दादा खाली, मी आत. ‘दाब.’ ‘धरलंय.’ ‘सोड.’ बावीस वर्षं. मग एक दिवस मी आत बसलो होतो आणि फोन वाजला. कसला फोन? काही गंभीर नाही, कोणी मेलंबिलं नव्हतं. मित्राने विनोद पाठवला होता. विनोद! कुठला ते आठवतसुद्धा नाही आता. वाचताना पाय वर आला. मला कळलं की आला. खालून दादाने विचारलं, धरलंय ना? मी म्हटलं, धरलंय. शेवटी पेडल तपासायचं ते आत बसलेल्याने, आणि ओरडून सांगायचं — कडक असेल तर ‘दगड’, मऊ असेल तर ‘लोणी’. मी दाबलं. लोणी होतं, ताई. माझ्या पायाला कळलं, लोणी आहे. पण दुपारचे अडीच वाजले होते, मला भूक लागली होती, आणि लोणी म्हटलं असतं तर त्याने चारी चाकं पहिल्यापासून करायला लावली असती. मी म्हटलं, दगड. त्याने खालून विचारलंसुद्धा नाही परत. कशाला विचारेल? भाऊ सांगतोय.

गाडीचा मालक घाईत होता, किल्ली घेऊन गेला. तो उतार आहे ना, धान्याच्या गोदामाकडे जातो तो, तिथल्या गेटवर वॉचमन स्टूल टाकून बसायचा. गाडी थांबलीच नाही. वाचला, पण पाय मोडला मांडीपासून, नीट जुळलाच नाही. मालक दहा माणसं घेऊन इथे आला, या इथे, जिथे तुमची गाडी उभी आहे. दादा कोपऱ्यात त्या गाडीत बसून पेडल दाबून बघत होता, ओढून आणली होती ना ती. खाली उतरून त्याने ब्लीडर बघितले. सगळे घट्ट. गळती नाही. मग उठला आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. वाट बघत होता तो, कळतंय का तुम्हाला — दहा माणसं ओरडताहेत आणि तो माझ्याकडे बघत थांबलाय, की हा आता बोलेल. तुम्ही जेवढ्या वेळात बोललात ना, त्याच्या दसपट वेळ दिला त्याने मला. मी पाना पुसत होतो. स्वच्छ पाना, तोच पुन्हा पुन्हा. मग तो त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, ब्लीडर माझ्याकडून ढिला राहिला. आणि मी काय म्हणालो असेन? गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, मी सांगत होतो याला, घाई करू नकोस. असं म्हणालो. सगळ्यांसमोर. थोरल्या भावाला.

किळस म्हणजे काय हे तुम्हाला काळ्या ऑइलवरून नाही कळायचं. तो वॉचमन अजून या रस्त्याने जातो, लंगडत, रोज सकाळी. माझ्या दारापाशी आला की थांबतो आणि मला नमस्कार करतो. मला! आणि टाकीकडे तोंड करून थुंकतो. मी हात वर करतो. सहा वर्षं हात वर करतोय.

दुसऱ्या दिवशी दादा आला, आपले पाने वेचून पिशवीत घातले. मग तो कोपऱ्यातला झाडू उचलला, निळ्या दांड्याचा, एका गाडीत शिरला, स्टीअरिंगपासून पेडलपर्यंत दांडा लावून बघितला, खडूने खूण केली आणि करवत घेतली. मी म्हटलं, हे काय करतोस? तो कापत राहिला. कापून झाल्यावर टोक हाताने घासलं, कुसळ लागू नये म्हणून, आणि म्हणाला, ‘ही बोलत नाही. नुसती धरते.’ बस. सहा वर्षांत माझ्याशी बोललेलं तेवढंच. भांडला असता, कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. माझ्या झाडूचा दांडा घेऊन गेला. ती ही.

चला. वेळ जातोय. फोन मागच्या सीटवर टाका. दाब. — धरलंय? खरं? हं. सोड. दाब. सोड. दाब. काही येत नाही आता, नुसतं ऑइल. एकदा अजून. सोड. आता मी आवळतो, आणि तुम्ही एकदाच दाबा, पंप न करता, आणि मला सांगा. सांभाळून सांगा, घाई नाही. — दगड? परत दाबा. वीस मोजा. मी भूकबिक काही म्हणत नाही, लोणी असेल तर लोणी सांगा, संध्याकाळपर्यंत काढत बसू. दगड. बरं. सरका, मी बघतो. म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. आता मी कोणाच्या शब्दावर सोडत नाही, माझ्या स्वतःच्या तर नाहीच. — हं. दगड आहे.

चाक चढवायच्या आधी थांबा, ही बाटली उघडत नाही, झाकण वाळून बसलंय. दातांनी — हं. गुलाबी. हसा, सगळे हसतात. मी आवळलं, माझा एक. इकडे एक, तिकडे एक. शेजारी जागा सोडलीय. म्हणजे काय ते लक्षात आलं ना तुमच्या? मी आवळलंय, कोणी तपासलेलं नाही. आमच्या नियमाने ही गाडी अजून झालेली नाही. चालवायला ठीक आहे, आवारात दोन फेऱ्या मारून दाखवतो, गेटपाशी थांबवून दाखवतो, पोराच्या जिवाला धोका नाही, ते मी सांगतो. पण घरी जायच्या आधी टाकीमागे न्या. त्याला म्हणा, पुढची चाकं काढून बघ. काय झालं, कोणी केलं, काही सांगू नका, उलटे होते तेही सांगू नका. चाक काढेल, बघेल, त्याला कळेल. नावही घेऊ नका माझं. ठिपका दिसेल त्याला, चष्मा नाकावर घेतला तर.

आणि पेडलवर कोण होतं असं विचारलं तर सांगा, मी होते. आणि एकदा पाय सुटला तेही सांगा. आणि लगेच सांगितलं, तेही.

नाही, काठी नाही देत. राहू द्या बाकावर. विचारली तर इथे आहे म्हणा. म्हणावं, नवीन कापायच्या आधी — कापेल म्हणा तो, त्याला काय, झाडू काय कमी आहेत — पण कापायच्या आधी एकदा —

निघा तुम्ही. निघा, ताई. गेट अडलंय, मागे दुसरी गाडी उभी आहे.